मॉरिशस बेटावरील सात दिवस

मॉरिशस हे नाव मी प्रथम ऐकले ते भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, तर माझ्या आजीच्या तोंडून. आजी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात बायबल-बाई म्हणून पुष्कळ वर्षे काम करीत असे. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती आम्हां नातवंडांस गोष्टी सांगे. त्यांतील एक गोष्ट हॅरिएट न्यूएल या अमेरिकन मुलीची होती. १८१२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती आपल्या पतीबरोबर हिंदुस्थानात यावयास निघाली. कलकत्त्यास पोहोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांस तेथे राहू दिले नाही. म्हणून ती दोघे मॉरिशसकडे वळली. वाटेत जहाजावरच तिला मूल झाले व थोड्याच दिवसांत ते गेले. पुढे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, एकोणीस वर्षांची असताना, त्या बेटावर तिचाही अंत झाला. तिचे पती सॅम्युएल न्यूएल हे नंतर मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या कामास आले व १८२१ साली पटकीच्या रोगाने वारले. "लई लांबून आली व्हती गं ती पोर, अन् मधीच ऱ्हायली," एवढे बोलून आजी गप्प होई, आणि तव्यावरची भाकरी उलटी.

त्यामुळे २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटीत आपल्या शाळेतील अठरा विद्यार्थ्यांस घेऊन मॉरिशसला सांस्कृतिक सहलीस जावयाचे ठरले, तेव्हा सर्वांत अधिक आनंद कोणास झाला असेल तर तो मला. सहलीचा उद्देश असा होता, की त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहात असलेल्या मराठी वंशाच्या कुटुंबांस आपल्या मुलांनी भेटावे, त्यांच्यापुढे काही कार्यक्रम करावेत आणि त्यांचेही काही पाहून यावे. पालकसभेत एका गृहस्थांनी विचारले, "बाई, एवढा खर्च करून मुले तेथे जाऊन काय करणार?" प्रश्न रास्त होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "आपली मुले तेथील मराठी लोकांस शुद्ध मराठी ऐकवतील." हे उत्तर आज आठवले म्हणजे मला संकोच वाटतो. तो का वाटतो, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

कार्यक्रमासाठी लेझीम, दोन समूहगीते आणि सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावरील एक नाट्यप्रवेश असा बेत केला. नाट्यप्रवेश मीच लिहिला होता, आणि उच्चारांची तालीमही मीच घेत असे. आमच्या तुकडीत तळकोकणातून आलेली, वसतिगृहात राहणारी, नववीतील एक मुलगी होती. तिच्या प्रवासखर्चाचा मोठा भाग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी उचलला होता. तिचा आवाज खणखणीत आणि पाठांतर उत्तम. परंतु बोलण्यात मालवणी हेल असे व घाईघाईत घरचे शब्द तोंडी येत. दोन तालमी झाल्यावर मी तिची भूमिका काढून दुसऱ्या मुलीस दिली व तिला पडद्यामागे पोशाख सांभाळण्याचे काम सांगितले. "बरं, बाई," एवढेच ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे मी त्या वेळी नीट पाहिले नाही.

मुंबईहून विमानाने मॉरिशसला जाण्यास सुमारे सहा तास लागतात. उतरल्यावर मुलांनी आपापली घड्याळे दीड तास मागे केली आणि "बाई, आमचे आयुष्य दीड तासाने वाढले!" असा विनोद केला. विमानतळापासून शहराकडे जाताना दोन्ही बाजूंस ऊसच ऊस होता. काही शेते कापलेली, काही उभी. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसले. हे बेट ज्वालामुखीतून झालेले असल्याने जमिनीत दगड फार. ते एकेक हाताने वेचून, ढीग घालून, मग तेथे ऊस लावला गेला. ज्यांनी ते वेचले त्यांपैकी कित्येक आपल्या देशातून नेलेले मजूर होते, हे कळल्यावर बसमधील गलबला थोडा कमी झाला.

या बेटाचा मूळचा रहिवासी असा कोणी मनुष्य नाही. १६३८ साली डच लोकांनी येथे प्रथम वसाहत केली व १७१० साली ते निघून गेले. त्यांच्यामागून फ्रेंच आले, आणि १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. उसाच्या मळ्यांवर आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम राबत. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांस स्वस्त मजूर तर हवेच होते. म्हणून १८३४ सालापासून हिंदुस्थानातून कराराने बांधलेले लोक आणण्यास आरंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे अशी आली. बहुतेक बिहार व संयुक्त प्रांताकडील, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. काही तमिळ व तेलुगू, मद्रासहून निघालेली. आणि थोडी मुंबईच्या बंदरातून निघालेली मराठी माणसे, विशेषतः रत्नागिरी व सावंतवाडीच्या बाजूची. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा येथील निम्म्याहून अधिक प्रजा या मजुरांचीच नातवंडे-पतवंडे होती.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुई शहरी आप्रवासी घाट पाहिला. याला पूर्वी कुली घाट म्हणत. १८४९ साली बांधण्यास घेतलेल्या त्या विस्तीर्ण ठाण्यापैकी आज थोड्याच दगडी इमारती शिल्लक आहेत. २००६ साली युनेस्कोने या स्थळाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. समुद्राकडून वर येणाऱ्या काही दगडी पायऱ्या तेथे जपून ठेवल्या आहेत. जहाजातून उतरलेला मजूर त्या पायऱ्या चढून वर येई, तेथे त्याची नोंद होई, आणि मग त्याला मळ्यावर धाडीत. पहिल्या मजुरांच्या आगमनाची आठवण म्हणून तेथे २ नोव्हेंबर या दिवशी सार्वजनिक सुटी असते. आम्ही दोनच दिवसांनी गेलो होतो, त्यामुळे वाहिलेली फुले अजून ताजी होती.

आरंभीच्या काळात करार पाच वर्षांचा असे व पुरुषास वेतन महिना पाच रुपये. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. ही गोष्ट ऐकून आमचा एक खेळकर विद्यार्थी, जो शाळेस दांडी मारण्यात प्रसिद्ध आहे, बराच वेळ पायऱ्यांकडे पाहात उभा राहिला. त्याच शहरात मी मुलांस हॅरिएट न्यूएलची गोष्ट सांगितली. आजीचे वाक्य मात्र मी सुधारून सांगितले: "ती फार दुरून आली होती आणि मार्गातच तिचा अंत झाला." मुलांनी ऐकले, पण आजीच्या तोंडून ऐकताना जे मला होई, ते त्यांस झालेले दिसले नाही.

मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. मजुरांच्या नोंदवह्या तेथे सांभाळून ठेवल्या आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, गाव व जहाज असा तपशील त्यांत असे. पुढे पुढे मजुरांची छायाचित्रेही घेऊ लागले. कारकून परका, मजूर निरक्षर. त्यामुळे जे कानास ऐकू आले तेच कागदावर उतरले. अशा रीतीने लिहिलेले एकेरी नावच पुढे त्या घराण्याचे आडनाव झाले, अशी उदाहरणे तेथे घरोघर आहेत. दाखविण्यास ठेवलेल्या एका प्रतीवर रत्नागिरी हे नाव वेडेवाकडे लिहिलेले आमच्या मुलांस ओळखू आले. तेव्हा सर्वांनी एकच गर्दी केली, जणू ओळखीचेच कोणी भेटले!

नैर्ऋत्येकडील ल मॉर्न नावाचा उंच कडाही आम्ही पाहिला. मळ्यांवरून पळालेले गुलाम तेथे लपून राहात. २००८ साली त्याचीही नोंद युनेस्कोच्या यादीत झाली. त्याच बाजूस, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, मराठी वस्ती आहे. आणि आमचा कार्यक्रम तेथेच एका सभागृहात व्हावयाचा होता.

यजमानांनी आमचे स्वागत मोठ्या प्रेमाने केले. पिवळ्या डाळीचे पुरण भरलेली, पोळीसारखी मऊ 'धोल पुरी' आणि वाटाण्याची रस्सा-भाजी असे जेवण दिले. तेथे प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, आणि गणेश चतुर्थीस सर्व देशास सुटी असते. असे असले तरी घरात, रस्त्यात, बाजारात सर्वजण बोलतात ती क्रिओल भाषा. फ्रेंच भाषेतून गुलामांच्या तोंडी घडलेली. मुलेमुली आमच्याशी "नमस्कार, कसे आहात?" इतके बोलत आणि मग हसून इंग्रजीचा आश्रय घेत.

आमचा नाट्यप्रवेश सुरू झाला. मुलांनी एकही चूक केली नाही. ज्या जोडाक्षरांसाठी मी महिनाभर घसा कोरडा केला होता, ती सर्व स्वच्छ उमटली. श्रोत्यांनी शांतपणे ऐकले व शेवटी सभ्यपणे टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांवरूनच मला कळले, की फारसे कोणास काही समजलेले नव्हते.

नंतर त्यांचा झाकरी नाच झाला. आपल्या कोकणात ज्याला जाखडी म्हणतात तोच हा. ढोलकीची थाप पडली, पायांत घुंगरू वाजू लागले, आणि लहानथोर फेर धरून नाचू लागले. इतक्यात पडद्यामागून कोणी तरी धावत बाहेर आले. पाहते तो आमची पोशाख सांभाळणारी मुलगी! ती सरळ फेरात शिरली. तिला कोणी ठेका शिकविला नव्हता, आणि कोणी शिकवावयाची गरजही नव्हती.

नाच संपल्यावर एक वृद्ध बाई, वय ऐंशीच्या पुढे, नातवाचा हात धरून तिच्याजवळ आली.

"तू खंयची गो?" तिने विचारले.

"वाडीसून इलंय, आजये," मुलगी म्हणाली. येथे आल्यापासून एवढ्या मोकळ्या आवाजात ती प्रथमच बोलत होती.

"आवस-बापूस बरी आसत?"

"आसत."

आजीबाईंपाशी मराठी अशी थोडीच वाक्ये उरली होती. ती त्यांनी लहानपणी आपल्या आजीकडून घेतली होती. बाकी त्यांचे सारे बोलणे क्रिओलमध्येच होते. मग त्या नातवाकडे वळून काही म्हणाल्या, व त्याने इंग्रजीत आम्हांस अर्थ सांगितला. आजी दर गणपतीस एक गाणे म्हणते. तिच्या आजीने ते शिकविलेले. त्यातील एका शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नाही. सत्तर वर्षे ती तो तसाच म्हणत आली आहे. तुम्ही मराठी शिकविणाऱ्या बाई आहात, तर तुम्ही तो सांगावा. एवढे बोलून त्याने शब्द उच्चारला: "माटवी."

मला तो शब्द ठाऊक नव्हता. मी मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली, वीस वर्षे मराठी शिकविणारी. मी काही तरी जुळवून सांगणार इतक्यात ती मुलगी पुढे झाली. गणपतीच्या वर आढ्यास टांगतात ती लाकडी चौकट म्हणजे माटवी, असे तिने हातांनी चौकोन करून दाखविले. तिला आंब्याचे टाळे बांधावयाचे; नारळ, सुपारीचा घोस, तवसे, रानातील कवंडळ असे जे जे पावसाळ्यात मिळेल ते सर्व टांगावयाचे. "आमच्याकडे माटवी बांधूक माझो बापूस रानात जाता," असे ती सांगत होती, आणि नातू ते कसेबसे इंग्रजीतून समजून घेऊन क्रिओलमध्ये आपल्या आजीस सांगत होता. आजीबाई ऐकत राहिल्या. मग वर सभागृहाच्या छताकडे त्यांनी पाहिले, जणू तेथे ती टांगलेलीच आहे. आणि दोन्ही हातांनी त्या मुलीचा चेहरा धरून तसाच ठेवला. कोणीही बोलले नाही.

त्या रात्री मला झोप येईना. 'माटवी' हा शब्द मी प्रथमच ऐकला असे मला वाटले होते. परंतु तो कोठे तरी पाहिला आहे अशी टोचणी लागून राहिली. पहाटे आठवले. आदल्या वर्षी सहामाही परीक्षेत 'माझा आवडता सण' हा निबंध होता. एका उत्तरपत्रिकेत तो शब्द होता, आणि मी त्यावर लाल शाईची रेघ मारून वर 'मखर' असे लिहिले होते. सकाळी न्याहारीच्या वेळी मी तिला विचारले, "तो निबंध तुझा होता का?"

"हो, बाई," ती म्हणाली. थोडे थांबून पुढे म्हणाली, "दोन मार्क गेले होते."

वाचकहो, मला त्या दोन गुणांचे इतके वाईट का वाटले, ते सांगते. मी खेड्यातून पुण्यास महाविद्यालयात शिकावयास गेले तेव्हा मीही 'व्हतं' म्हणत असे. पहिल्याच आठवड्यात वर्गात हशा पिकला. तेव्हापासून मी पुस्तकासारखे बोलण्याचा निश्चय केला व तो तडीस नेला. इतका, की सुटीत घरी गेल्यावर आजीशी बोलतानाही मी तिचे शब्द दुरुस्त करीत असे. आजीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती माझ्याशी फक्त कमी बोलू लागली. ज्या हशाने मी भाजले, तोच मी लाल शाईत बुडवून माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर उतरवीत आले होते, आणि यालाच मी शुद्धलेखनाची सेवा म्हणत होते.

शुभवर्तमानात पेत्राची गोष्ट आहे. प्रभूला धरून नेले त्या रात्री वाड्यात उभ्या असलेल्या लोकांनी पेत्राला त्याच्या गालिली बोलण्यावरून ओळखले. त्या गोष्टीत पेत्र चुकला तो बोलीमुळे नव्हे. आपला संबंध नाकारला म्हणून चुकला. हा धडा मी रविवारच्या शाळेत किती वेळा शिकविला असेल! तो मला स्वतःला मात्र परदेशी जाऊन, एका निरक्षर आजीबाईंकडून शिकावा लागला.

कोणी असे समजू नये की प्रमाण भाषा शिकवावयाची नाही. ती शिकलीच पाहिजे. तिच्यावाचून कोकणातला मुलगा विदर्भातील मुलास पत्र लिहू शकणार नाही, आणि परीक्षेत व कचेरीत तिचेच चलन आहे. परंतु मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली आपला मोठा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा पंडितांच्या शब्दांशेजारी कोकणच्या व देशावरच्या गावठी शब्दांसही त्यांनी जागा दिली होती. परक्या मनुष्याने ज्या शब्दांस दार उघडले, त्यांस घरच्या शिक्षिकेने हाकलून द्यावे हे शोभते काय?

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, घरचा शब्द आला की त्यावर रेघ मारावयाची नाही. समासात प्रमाण शब्द लिहावयाचा आणि घरच्या शब्दाखाली पेन्सिलीने एक टिंब द्यावयाचे. दुसरी, वाचनालयात एक जाड वही ठेविली आहे. मुलांनी आपल्या आजी-आजोबांस विचारून जुने शब्द, त्यांचा अर्थ व गाव असे तीत लिहावयाचे. आजवर तीनशेहून अधिक शब्द जमले आहेत. पालकांस माझी विनंती आहे, की मुले विचारावयास आली तर "ते आपले अडाणी बोलणे, ते कशाला हवे," असे म्हणून त्यांस परत पाठवू नये. त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिला शब्द 'माटवी' आहे. अक्षर त्या मुलीचे आहे. तिचे दोन गुणही मी भर वर्गात परत दिले. निकालपत्रक बदलता येत नाही, हे तिला व मला दोघींनाही ठाऊक होते. तरी वर्गाने टाळ्या वाजविल्या, आणि या टाळ्या नुसत्या सभ्यपणाच्या नव्हत्या.

असो. २०२५ सालच्या गणेश चतुर्थीनंतर त्या नातवाने एक छायाचित्र पाठविले. ते आता वाचनालयात लावले आहे. छायाचित्रात एका लहानशा घरात गणपतीच्या वर लाकडाची चौकट टांगलेली आहे. रानातील कवंडळे त्या बेटावर कोठून मिळणार? तेथे नारळ आहेत, काकड्या आहेत, दोडके आहेत. आणि ज्या उसापायी त्यांचे पूर्वज तेथे नेले गेले, त्या उसाची हिरवी कांडी चारही कोपऱ्यांस बांधलेली आहेत. खाली आजीबाई खुर्चीवर बसून वर पाहात आहेत.

मी ते छायाचित्र पाहते तेव्हा मला माझी आजी आठवते. आता जर कोणी मला हॅरिएटची गोष्ट विचारली, तर मी ती आजीच्याच शब्दांत सांगते. लई लांबून आली व्हती ती पोर.